सॉफ्टवेअर खुशाल विका, पण त्याचं डॉक्युमेंटेशन कुलुपात ठेवू नका

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. "आयटीवाल्यांचा विषय" म्हणून अंगठा वर सरकवू नका. गाडी शेवटी आपल्या महापालिकेच्या दप्तरावर, सोसायटीच्या कागदांवर आणि आपल्या मराठीवरच येऊन थांबणार आहे.

आधी डॉक्युमेंटेशन म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक सॉफ्टवेअरचे दोन उपयोग असतात. एक तुमच्या-माझ्यासारख्याने ते उघडून काम करायचं. दुसरा म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्याच्याशी बोलायचं. या बोलण्याचे नियम ठरलेले असतात. कुठली आज्ञा कशी द्यायची, माहिती कुठल्या क्रमाने साठवली आहे, अमुक क्रमांकाची चूक आली तर तिचा अर्थ काय. हे नियम ज्यात लिहिलेले असतात ते डॉक्युमेंटेशन. प्रोग्रामरचा अर्धा दिवस कोड लिहिण्यात जात नाही, हे वाचण्यात जातो. सकाळच्या विरार लोकलमध्ये दाराजवळ एका हाताने दांडी धरून मोबाईलवर काहीतरी गंभीरपणे वाचणारा पोरगा दिसला, तर तो दर वेळी रील्सच बघत असेल असं समजू नका.

पूर्वी हे सगळं जाडजूड पुस्तकांच्या रूपात सॉफ्टवेअरच्या खोक्यातच यायचं. मग सीडी आली, मग इंटरनेटवर फुकट मिळायला लागलं. त्या फुकट मिळण्याने आपल्या भागातली किती घरं उभी राहिली याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. वसई रोड, कामण, शिरगाव इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांनी जे काम पुढे नोकरीत केलं, त्यातलं निम्मंअधिक असंच वाचून शिकलेलं आहे. अभ्यासक्रम नेहमी चार पावलं मागेच असतो.

आता हळूहळू दारं लावली जात आहेत. ओरॅकलची मुख्य मॅन्युअल्स आजही खुली आहेत, ते मान्य. पण नेमका अडकलेला दोष नेमका कसा सुटतो हे सांगणारे सपोर्टचे लेख वाचायचे तर सपोर्टचा पैसे भरलेला करार लागतो. रेड हॅटच्या मदतलेखांतही तेच. प्रश्न दिसतो, उत्तर अनेकदा सदस्यांसाठी राखीव. त्याच कंपनीने २१ जून २०२३ला जाहीर केलं की त्यांच्या मुख्य लिनक्सचा सोर्स कोड यापुढे फक्त ग्राहकांनाच मिळेल, बाकीच्यांनी सेंटओएस स्ट्रीमवर भागवावं. ॲपलने २००८मध्ये तर कमाल केली होती. आयफोनसाठी प्रोग्राम लिहिण्याची कागदपत्रं गुप्ततेच्या कराराखाली दिली. म्हणजे दोन डेव्हलपर शेजारी बसून एकमेकांना शंकाही विचारू शकत नव्हते, पुस्तक छापणं तर दूरच. आरडाओरडा झाल्यावर १ ऑक्टोबर २००८ला ती अट प्रकाशित झालेल्या सॉफ्टवेअरपुरती मागे घेतली.

छोट्या कंपन्यांचा प्रकार अजून वेगळा. "डॉक्युमेंटेशन पाहण्यासाठी कंपनीचा ईमेल टाका." जीमेल चालत नाही. टाकला तर कागद येत नाही, सेल्सवाल्याचा फोन येतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्या नालासोपाऱ्याच्या पोरीने कुठल्या कंपनीचा ईमेल आणायचा, भावा?

आता मुद्द्यावर येतो. हे दुखणं अमेरिकेतलं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच भाषेचा इतिहास आठवावा. मराठीने या कुलुपाची किंमत वीस-पंचवीस वर्षं मोजली आहे.

नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी आली ती फॉन्टच्या वाटेने. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे योगेश, सुरेख हे फॉन्ट, बेंगळुरूची आकृती, शिवाय शिवाजी, कृतिदेव अशी कितीतरी नावं. दिसायला सगळं मराठीच. पण आतली गंमत बघा. त्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खाने. त्यात अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, रफार, जोडाक्षरं सगळं तुकड्या-तुकड्याने बसवायचं. कुठला तुकडा कुठल्या खान्यात, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. एकाचा "व" जिथे, तिथे दुसऱ्याची वेलांटी. संगणकाच्या पोटात मराठी नव्हतीच. पोटात इंग्रजी अक्षरं, डॉलर, स्वल्पविराम असला मालमसाला, आणि फॉन्ट नावाचा मुखवटा चढवला की वर "वसई" दिसायचं. मुखवटा काढा, वसई गायब.

यातून मजकूर बाहेर काढायला फक्त एक कागद लागतो, कुठल्या खान्यात कुठला तुकडा याचा तक्ता. हेच त्या फॉन्टचं डॉक्युमेंटेशन. धंद्याच्या दृष्टीने तोच कागद सगळ्यात मोलाचा होता, कारण तो हाती आला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायला मोकळं. मग तो बाहेरच्या प्रोग्रामरला सहज कोण देणार? वर श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरला डोंगल. संगणकाच्या मागे ते खोचलेलं नसेल तर काम बंद. जुन्या डीटीपीवाल्यांना विचारा, डोंगल बिघडलं की दिवाळी अंकाच्या तोंडावर प्रेसमध्ये काय रडारड व्हायची.

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. सगळ्या भारतीय लिपींसाठी एकच खुलं मानक तेव्हा अस्तित्वात होतं. भारतीय मानक ब्युरोचं आयएससीआयआय, क्रमांक १३१९४, सन १९९१. त्यात "व" म्हणजे "व", कुठल्याही दुकानातून घ्या. त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून युनिकोडमधली देवनागरी बेतली गेली, तीही १९९१मध्येच. म्हणजे रस्ता बांधून तयार होता. पण वर्डमध्ये आणि पेजमेकरमध्ये प्रत्यक्ष साठत होते ते फॉन्टचे खाने. सी-डॅक तर १९८८पासून सरकारी पैशाने चालणारी संस्था, आणि या मानकाच्या कामातही तिचा हात. तिच्या फॉन्टचीही खान्यांची मांडणी वेगळीच. तमिळनाडूने निदान १९९९मध्ये परिषद भरवून फॉन्टच्या खान्यांची एक सामाईक मांडणी ठरवली होती. आपल्याकडे ज्याची त्याची चूल वेगळी राहिली.

याचा त्रास कसा होतो ते स्वतः भोगलंय. आमच्या सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, जुनी इतिवृत्तं आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार हवा होता. छापील प्रती २००५च्या पुरात गेल्या. सीडी मात्र एका सभासदाने पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेली, धन्य तो. फाइल उघडली तर स्क्रीनभर इंग्रजी कचरा. तो फॉन्ट ज्यांचा, त्यांच्याकडे तक्ता मागितला. उत्तर आलं, नवी आवृत्ती विकत घ्या, रूपांतराची सोय त्यात आहे. अहो, पत्रं आमची, टंकलेखनाचे पैसे आम्ही भरले, आणि आमचंच लिखाण आम्हाला वाचायला परत तिकीट? शेवटी एका छापील पानाची झेरॉक्स समोर ठेवून चार रात्री एकेक चिन्ह जुळवत बसलो. साधी अक्षरं पटापट सुटतात. घाम फोडतात ते "ट्र", "क्ष", "ह्य" आणि रफार, कारण रफार पडद्यावर दिसतो एकीकडे आणि फाइलमध्ये बसतो भलतीकडे.

हे काम महाराष्ट्रात, देशात किती जणांनी किती वेळा केलं असेल! स्वयंसेवकांनी फॉन्ट उघडून, चिन्हं मोजून रूपांतरक लिहिले आणि फुकट वाटले. फायरफॉक्ससाठीचं "पद्म" हे त्यातलंच. जो कागद कंपनीकडे तयार पडलेला होता, तो पुन्हा बनवण्यात हुशार माणसांची वर्षं गेली. त्या वर्षांत मराठीचे शब्दकोश, शुद्धलेखन तपासणारे प्रोग्राम, शोधयंत्रं होऊ शकली असती.

आता दुसरी बाजू बघा. देवनागरी फॉन्ट कसा बांधायचा याचं ओपनटाइपचं सविस्तर डॉक्युमेंटेशन मायक्रोसॉफ्टने खुलं ठेवलं. विंडोज २०००सोबत मंगल फॉन्ट आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. ओपनटाइप पुढे २००७मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. मग काय झालं? मुंबईच्या एक टाइपसारख्या गटाने मुक्ता, बलू असे फॉन्ट बनवले आणि खुल्या परवान्याखाली सोडून दिले. आज लग्नपत्रिकेपासून आंदोलनाच्या बॅनरपर्यंत बलू दिसतो. तुम्ही ही पोस्ट मोबाईलवर मराठीत वाचताय, कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकू शकताय आणि समोरच्याला ती कचरा न दिसता मराठीच दिसते, ते त्या खुल्या कागदामुळे. कुणी कंपनी यात बुडाली का? उलट सगळ्यांचा धंदा वाढला.

मायक्रोसॉफ्टला लगेच हार घालू नका. फॉन्टच्या बाबतीत जी कंपनी उदार, तीच सर्व्हरच्या बाबतीत मूठ झाकून बसली होती. विंडोजशी दुसऱ्या संगणकांनी फाइलींची देवाणघेवाण कशी करायची, याचे नियम ती पूर्णपणे सांगत नव्हती. सांबा नावाच्या खुल्या प्रकल्पातले लोक तारेवरून जाणारे संदेश टिपून टिपून ते नियम ओळखत होते, आमच्या चार रात्रींसारखंच, फक्त वर्षानुवर्षं. युरोपियन आयोगाने २४ मार्च २००४ला ४९.७ कोटी युरोचा दंड ठोकला आणि कागद द्या म्हणून सांगितलं. कंपनीने अर्धवट कागद दिले. २००६मध्ये आणखी २८ कोटी. मग कागदांची किंमत अवाच्या सवा लावली म्हणून फेब्रुवारी २००८मध्ये ८९.९ कोटी, जो नंतर थोडा कमी झाला. शेवटी त्याच फेब्रुवारीत कंपनीने ३०,००० पानांचं डॉक्युमेंटेशन इंटरनेटवर फुकट ठेवलं. नुसत्या "कसं बोलायचं" या माहितीसाठी एवढी मारामारी! यावरून त्या कागदात किती ताकद असते ते समजा.

आणि हे फक्त संगणकवाल्यांपुरतं नाही. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गॅरेजवाल्याला विचारा. आजची गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक. दोष शोधायचं सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीची मॅन्युअल्स कंपनीच्या अधिकृत सेंटरलाच मिळणार असतील, तर आपला मेकॅनिक कितीही कसबी असो, बोनेट उघडून बघत बसणार. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला. त्यात टाटा, मारुती, महिंद्रा सगळे होते. सुटे भाग, निदानाची साधनं आणि मॅन्युअल्स बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, असं आयोगाने स्पष्ट सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचं भिजत घोंगडं पुढे कित्येक वर्षं पडलं, तो भाग वेगळा. पण माहिती दाबणं म्हणजे बाजार दाबणं, हे आपल्याच देशातल्या आयोगाने मान्य केलेलं आहे.

कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे, म्हणून इथेच बोलून घेतो.

"कंपनीने पैसे खर्चून लिहिलं, फुकट का द्यावं?" सॉफ्टवेअर फुकट द्या असं मी कुठे म्हणतोय? कोडही मागत नाही. पंखा विकत घेतला तर रेग्युलेटरच्या वायरी कुठे जोडायच्या हा कागद खोक्यात असतोच ना? त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू?

"सुरक्षेचा प्रश्न आहे." हे तर सगळ्यात पोकळ. कर्कहॉफ्स नावाच्या माणसाने १८८३मध्येच लिहून ठेवलंय की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त असावी ती फक्त किल्ली. कुलूप कसं चालतं हे कळल्याने ज्याचं घर फुटतं, त्याने कुलूप बदलावं.

"एआयवाले सगळं उपसून नेतात, म्हणून लॉगिन लावावं लागतं." हे नवीन कारण, आणि यात थोडं तथ्य आहे. एआयच्या यंत्रांचा मारा सर्व्हरवर पडतो, खर्च वाढतो. पण त्यासाठी यंत्रांचा वेग रोखा. सगळी पानं एका झिप फाइलमध्ये ठेवा, ज्याला हवी त्याने एकदाच उतरवून घ्यावी. चोर येतो म्हणून वाचनालयच बंद करायचं, आणि मग तीच पुस्तकं वाचलेला स्वतःचा एआय महिन्याच्या भाड्याने आपल्याला द्यायचा, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एबी) आलं. कायदेशीरपणे सॉफ्टवेअर बाळगणाऱ्याने, आपला वेगळा बनवलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढून घेतली, आणि ती माहिती सहज उपलब्ध नसेल, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. शेजारचंच (एसी) कलम प्रोग्राम चालवताना त्याचा अभ्यास करायला मोकळीक देतं. म्हणजे आमच्या चार रात्री कायद्यात बसतात. पण कायदा फक्त खणायची परवानगी देतो. कागद द्या, असं कंपनीला सांगत नाही. खणायला प्रत्येकाकडे चार रात्री नसतात.

आता आपल्या गावाकडे. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ला झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं एकत्र करून. या सगळ्या कार्यालयांनी संगणकावर मराठी टंकायला सुरुवात केली तो काळ आठवा. तो नेमका या मुखवट्यांच्या फॉन्टचा काळ. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला, त्याआधीचं सगळं ठाण्याहून. तेव्हाचे ठराव, पत्रं, याद्या ज्या फाइलींत असतील, त्या फॉन्टचा तक्ता कुणी जपून ठेवलाय का? अमुक इमारतीला कधी, कोणी, काय परवानगी दिली, यावरून आपल्याकडे माणसांची घरं जातात. दप्तर शोधता येणं ही इथे चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

आणि तोच खड्डा आपण नव्याने खणतोय का, हा पुढचा प्रश्न. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी, तक्रारी, सगळं आता सॉफ्टवेअरवर. ठेकेदार पाच वर्षांनी बदलतो. जाताना त्याने आतली रचना, फाइलींचे प्रकार, जोडणीचे नियम लिहून दिले नाहीत, तर नवा ठेकेदार एक तर शून्यापासून सुरू करणार, नाही तर जुन्यालाच म्हणेल त्या दराने पुन्हा बोलवावं लागणार. पैसा कोणाचा? तुमच्या घरपट्टीचा. केंद्र सरकारचं खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर २०१०चं आहे आणि खुल्या एपीआयचं २०१५चं. ती केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, खुल्या एपीआयचं धोरण राज्यांनी ठरवलं तर स्वीकारायचं आहे. मग ठरवा की! निविदेत एक अट घालायला किती शाई लागते? "संपूर्ण तांत्रिक दस्तऐवज महापालिकेच्या मालकीचे राहतील आणि संकेतस्थळावर खुले ठेवले जातील, त्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही." शेवटचं बिल हा शब्द महत्त्वाचा. ठेकेदाराला तोच कळतो.

मी माहिती अधिकारात अर्ज करतोय. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून नेमकं विचारलंय. सध्याच्या सॉफ्टवेअरचं तांत्रिक दस्तऐवजीकरण पालिकेच्या ताब्यात आहे का, किती पानांचं, करारात त्याची मालकी कोणाकडे, आणि २००९पूर्वीच्या मराठी फाइली युनिकोडमध्ये आणल्या का. "व्यापारी गुपित" म्हणून नकार यायची शक्यता आहे. कलम ८(१)(डी) त्यासाठीच वापरतात. पण त्याच कलमात मोठ्या सार्वजनिक हितासाठी माहिती देता येते असंही लिहिलंय, ते अपिलात दाखवू.

एकाच अर्जाने हलणारे हे लोक नाहीत. पाणीपुरवठा, नगररचना, कर अशा विभागांना वेगवेगळे अर्ज गेले पाहिजेत. १० रुपये शुल्क आहे. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय, विभागाचं नाव बदला आणि द्या. आणि ज्या डीटीपीवाल्या दादा-ताईंकडे जुन्या फॉन्टचे कळफलकाचे तक्ते, छापील पुस्तिका अजून पडून असतील, त्यांनी रद्दीत टाकू नयेत. मला मेसेज करा, विरार ते नायगाव कुठेही येऊन स्कॅन करून घेईन.